रिकाम्या अंगणातली बाई

हौद मिळाल्याची बातमी दलेंदाला मासळीबाजारात कळली, आणि तीही लस्सादच्या तोंडून नाही.

ती तारली निवडत होती. मागून मदरशाचा रखवालदार हश्मी आला आणि चार माणसांनी वळून बघावं एवढ्या मोठ्यानं म्हणाला, "मब्रूक, लल्ला दलेंदा! आता आम्हा गरिबांना विसरू नका म्हणजे झालं."

"कशाचं अभिनंदन?"

"घ्या! जसं काही माहीतच नाही. हौदाचा परवाना आला ना सी लस्सादच्या नावानं. आठवडा होऊन गेला."

दलेंदानं हातातली तारली परत बर्फावर ठेवली. "हां, ते होय," ती म्हणाली. "मला वाटलं दुसरं काही."

मासळीवाला म्हणाला, "बाई, ती मासळी घेताय की तिची समजूत काढताय?"

तिनं मासळी घेतली नाही. पिशवी रिकामीच घेऊन ती घरी गेली.

ट्यूनिसच्या जुन्या शहरात एक बंद पडलेला मदरसा आहे. मधे अंगण, भोवती खांब, खांबांमागे विद्यार्थ्यांच्या खोल्या. विद्यार्थी कधीच गेले, आता त्या खोल्यांत कलावंत बसतात. दलेंदा आणि लस्साद त्यांतले सगळ्यात जुने. दोघांचं काम एकच होतं, आणि आमच्याकडे त्याला जाळं विणणं म्हणतात. कॉम्प्युटरच्या पडद्यावर लहान लहान खोकी मांडायची आणि एका खोक्यातून दुसऱ्या खोक्यात तार ओढायची. वरच्या खोक्यात कॅमेऱ्याची नजर शिरते. तारांतून झिरपत ती तळाशी येईतो तिचा आवाज झालेला असतो, नाहीतर उजेड. मग कुणी भिंतीसमोरून चाललं की भिंत त्याच्याशी बोलते.

शिवणीवरून शिंपी ओळखावा तसा तारांवरून विणणारा ओळखू येतो. दलेंदाच्या तारा सरळ जायच्या आणि काटकोनात वळायच्या. लस्सादच्या तारा म्हणजे मांजरानं लोकरीशी केलेला खेळ. म्हणून तो आवाज घडवायचा आणि ती विणायची. एकाच टेबलाशी बसून त्यांनी उमेदीची सगळी वर्षं काढली. लोकांनी त्यांच्याबद्दल जे बोलायचं ते बोलून घेतलं, आणि पुढे काहीच घडत नाही असं दिसल्यावर कंटाळून सोडून दिलं. दलेंदाचा नवरा मोख्तार तर म्हणायचा, "लस्सादनं तिला पळवून नेलं असतं तर तिसऱ्या दिवशी परत आणून सोडलं असतं. तारा वाकड्या ओढल्या म्हणून ती त्याला झोपू देणार नाही."

आणि हौद. कार्थेजच्या बाजूला जमिनीखाली रोमन लोकांचा एक जुना हौद आहे. आत खडा टाकला तर त्याचा आवाज दुसऱ्या टोकापर्यंत चालत जातो आणि म्हातारा होऊन परत येतो. तिथे काम करायचं हे दोघांचं जुनं स्वप्न. दर वर्षी अर्ज करायचे, दर वर्षी नकार यायचा. त्या हौदासाठी म्हणून त्यांनी आधीच एक लहानसं जाळं विणून ठेवलं होतं. त्याला ते विहीर म्हणत. कुठलाही आवाज त्यात सोडला की तो खोल पाण्यात पडल्यासारखा ऐकू यायचा. तशी विहीर आमच्याकडे दुसऱ्या कुणाला जमली नाही, आणि ती दलेंदाच्या मशीनवर होती. विहिरीवाचून हौद म्हणजे नुसती अंधारी जागा.

आता परवाना आला होता आणि लस्साद गप्प होता. तो का गप्प आहे हे दलेंदाला माहीत होतं. कारणाचं नाव शीराज.

शीराज सफाक्सची. तिशीची, केस मुलासारखे कापलेले. आधी कुठल्या तरी कंपनीत मोबाइलवरचे खेळ बनवायची. मदरशात खोली मिळाल्यावर ती पहिल्याच आठवड्यात लस्सादच्या दारात जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "तुमचे आवाज ऐकलेत. मला ते मोडून बघायचेत." दलेंदा समोरच्या खोलीत होती. तिला वाटलं, आता लस्साद हिला हाकलून देईल. लस्साद हसला. खुर्ची पुढे केली. ती खुर्ची दलेंदाची होती.

मग वसंताच्या महोत्सवात मदरशाच्या अंगणातलं काम आलं. लस्साद म्हणाला, "लहानसंच आहे. पोरीचा हात बसू दे. तू कशाला दमतेस?" तेव्हापासून दलेंदा समोरच्या खोलीत बसून त्यांचं हसणं ऐकत होती. दार लावलं तर जास्तच ऐकू यायचं. ती पोर त्याला नुसतं 'लस्साद' म्हणायची, आदराचं 'सी' नाही की काही नाही. तो कॉफीत साखर घ्यायचा बंद झाला होता. साठीच्या माणसानं लाल रंगाचे बूट आणले होते.

आणि महोत्सवाच्या थोडं आधी तो तिच्या दारात आला, चौकटीला टेकून उभा राहिला. "दलेंदा, ती विहीर कुठल्या मशीनवर आहे गं?"

"कशाला?"

"असंच. खूप दिवसांत ऐकली नाही."

तिनं दिली. मागितली आणि दिली नाही असं त्यांच्यात कधी झालंच नव्हतं.

मासळीबाजारातून परत आली त्या दुपारी ती मोख्तारला म्हणाली, "विहीर त्यानं तिला दिली असेल का?"

मोख्तार रेल्वेतून निवृत्त झालेला, सोफ्यावर आडवा. "विचार त्याला."

"मी का विचारू? त्यानं सांगायला नको?"

"मग विचारू नकोस."

"तुझं काय जातं! विहीर तिच्याकडे गेली तर हौदात माझं काय काम राहिलं?"

मोख्तार उठून बसला. "दलेंदा, मी उभा जन्म तिकीटखिडकीवर काढला. शेजारच्या खिडकीवर कोण बसायचं ते तरी तू कधी विचारलंस? माझ्यावर एक दिवस अशी जळली असतीस तर मी नवा सूट शिवला असता."

"कोण बसायचं?"

"आता नाही सांगणार. वेळ गेली."

महोत्सव सुरू व्हायचा त्या दिवशी सकाळी दलेंदा मदरशात गेली. हश्मी पायरीवर बसून सूर्यफुलाच्या बिया सोलत होता.

"इतक्या लवकर, लल्ला?"

"चष्मा राहिलाय माझा अंगणात."

"चष्मा तर डोक्यावर आहे."

"हा जवळचा. लांबचा राहिलाय."

हश्मीनं तिच्याकडे पाहिलं, पण किल्ली काढली. "जा. मी बटण टाकतो. सी लस्सादनं सांगितलंय, सकाळीच मशीन चालू करून ठेव, संध्याकाळपर्यंत तापून तयार राहील."

अंगणावर काळं कापड ताणलेलं होतं, आत भरदिवसा अंधार. दलेंदा भिंतीजवळच्या दुसऱ्या खांबाशी पोचली तोच वरचं यंत्र जागं झालं आणि समोरच्या भिंतीवर सगळं जाळं उमटलं, अंगणाएवढं मोठं. हे तिला माहीत होतं. मशीन उठताना आधी थोडा वेळ जाळं उघडं पडतं, मग पडदा काळा होतो आणि काम सुरू होतं. तेवढ्यासाठीच ती आली होती. ती खांबाआडून अर्धी बाहेर आली, पर्स कोपरावर घेतली, टाचा उचलल्या, चष्मा नाकावर ओढला आणि मान लांब करून वाचू लागली.

वरची खोकी शीराजची. तारा वळणावळणाच्या, रंगीत. वाईट नव्हत्या, हेच वाईट होतं. नजर खाली उतरली आणि थांबली. तळाशी तिच्या स्वतःच्या सरळ तारा, तिचे काटकोन. विहीर.

आमच्या लोकांत एक रीत आहे. दुसऱ्याचा तुकडा आपल्या जाळ्यात घेतला तर त्याच्या डोक्यावर एका खोक्यात त्याचं नाव लिहायचं. पैसे नाहीत, परवानगी नाही, नुसतं नाव. विहिरीच्या डोक्यावर नाव नव्हतं. शेजारी मात्र एक ओळ होती, लस्सादनं लिहिलेली: 'शीराज, इथून उतरताना हळू. पाणी खोल आहे.'

लस्साद असं लिहितो हे दलेंदाला ठाऊक नव्हतं. तिच्यासाठी त्याला कधी लिहावं लागलं नव्हतं. ती शेजारीच बसायची.

भिंत काळी झाली. कुठेतरी बारीकसं टिक वाजलं. दरवाजात हश्मी खाकरला तशी ती पर्स सावरत बाहेर पडली.

"सापडला?"

"नाही."

ते टिक काय होतं हे तिच्या लक्षात यायला हवं होतं, पण तिचं डोकं त्या एका ओळीत अडकलं होतं. कॅमेऱ्याला माणूस ओळखता येत नाही. त्याला आधी रिकामी जागा दाखवावी लागते: हे बघ, हे रिकामं, ध्यानात ठेव. यापेक्षा जे वेगळं दिसेल ते माणूस. म्हणून मदरशात कामाच्या आधी कुणीतरी "फारिग!" म्हणून ओरडायचं, म्हणजे जागा रिकामी करा. सगळे खांबांमागे पळायचे आणि मग कळ दाबली जायची. ही आरोळी दलेंदाची. तिचा आवाज असा की हश्मीची मांजरसुद्धा उठून बाहेर जायची. शीराजला हे ओरडणं गावठी वाटायचं. तिनं जाळ्यालाच शिकवून ठेवलं होतं की सकाळी उठलास की तुझा तूच रिकाम्या अंगणाचा फोटो घे.

त्या सकाळी जाळ्यानं फोटो घेतला, आणि त्यात दलेंदा होती.

संध्याकाळी सगळं जुनं शहर मदरशात लोटलं. दलेंदा मोख्तारला घेऊन उशिरा गेली. मुद्दामच उशिरा. अंगणात शिरताच पायाखाली पाणी असल्यासारखा आवाज झाला. प्रत्येक पावलाला एक थेंब खोल कुठेतरी पडत होता. भिंतीवर प्रत्येक माणसाची आकृती उमटत होती, आणि आकृतीच्या आत नुसतं पाणी, निळं, हलतं. पोरं हात वर करून स्वतःच्या पाण्याला हलवून बघत होती. चांगलं झालं होतं. दलेंदाला रडावंसं वाटण्याइतकं चांगलं.

पण गर्दी दुसऱ्याच जागी होती. दुसऱ्या खांबाशी भिंतीवर एक आकृती होती, आणि तिच्यासमोर अंगणात कुणीच उभं नव्हतं. बाई. टाचा उचललेल्या, मान पुढे काढलेली, एक हात चेहऱ्याशी. लोक येत होते, जात होते, ती हलत नव्हती.

"ही कोण बाबा?"

"माझी सासू. कुठेही भेटते."

"तुझी सासू एवढी बारीक कधी झाली?"

"कान बघ कसा लावलाय. शेजाऱ्यांची भांडी मोजतेय."

"वाट बघतेय गं बिचारी नवऱ्याची," एक बाई हळहळून म्हणाली.

तिच्याबरोबरची म्हातारी म्हणाली, "नवऱ्याची वाट अशी नाही बघत. सवतीच्या घरात असं बघतात."

दलेंदानं आधी पर्स ओळखली. मोख्तारनंही तीच ओळखली. तो तिच्या कानाशी लागला. "ती पर्स मी तुला नाबुलहून आणली होती."

"गप्प बस."

"नाही, मी म्हटलं, चांगली दिसते. भिंतीवर जास्तच चांगली दिसते."

"मोख्तार, गप्प बस!"

तिच्या कानशिलांतून वाफा निघत होत्या. सकाळचं ते टिक आता तिला कळलं होतं. शीराजचं काम बिघडलंय, म्हणजे आपल्यामुळे बिघडलंय, अशी एक धास्ती आणि तिच्या आत दडलेला एक बारीकसा आनंद, असे दोन्ही तिच्या मनात आले. पण काम बिघडलं नव्हतं. लोक त्या बाईशेजारी उभे राहून फोटो काढत होते. आणि महोत्सवाची प्रमुख मादाम सौसन शीराजचा हात धरून त्या आकृतीसमोर उभी होती.

"ही कुणाची कल्पना, बिन्ती? सांग पोरी."

शीराजनं लस्सादकडे पाहिलं. लस्साद आपल्या लाल बुटांकडे पाहत होता. शीराज म्हणाली, "ती... इथलीच आहे, मादाम. इतकी वर्षं जिला या मदरशात कुणी आत घेतलं नाही, ती. अजून दारातून बघतेय."

मादाम सौसनचे डोळे भरून आले. "अल्लाह! अंगावर काटा आला माझ्या. अख्ख्या महोत्सवात असं काही नाही."

दलेंदाच्या अंगावरही काटा आला, पण वेगळा. आत घेतलं नाही? मी मेली रोज इथे बसते! टेबल गेलं, खुर्ची गेली, विहीर गेली, आता तिची सावलीसुद्धा त्या पोरीच्या पदरात पडली होती, आणि ती पोर तिचे गोडवे ऐकून घेत होती. ती मी आहे असं म्हणावं तर सकाळी चोरासारखी इथे काय करत होतीस ते सांगावं लागणार. गप्प बसावं तर ही बाई कायमची शीराजची. दलेंदानं दोन्ही बाजू तोलून पाहिल्या. मग मोख्तारच्या हातात शाल दिली.

"कुठे चाललीस?"

"माझ्या जागेवर."

ती गर्दीतून वाट काढत दुसऱ्या खांबाशी गेली. खांबाआडून अर्धी बाहेर आली, पर्स कोपरावर घेतली. चालत आली तेव्हा तिचीही पाण्याची आकृती भिंतीवर त्या बाईच्या दिशेनं सरकत आली होती. दोघी एकमेकींत शिरल्या. दलेंदानं टाचा उचलल्या, मान पुढे काढली, हात चष्म्याशी नेला. भिंतीवरचं पाणी विरत गेलं. आधी खांदे गेले, मग मान, शेवटी कोपरावरच्या पर्सचा एक निळा तुकडा राहिला होता, तोही गेला.

बरोबरच होतं. कॅमेऱ्याच्या हिशेबी अंगण आता सकाळसारखं, म्हणजे रिकामं झालं होतं. अंगणातल्या प्रत्येक माणसाला भिंतीवर पाणी मिळालं होतं, तिला एकटीला काही नव्हतं.

भिंतीवरून लोकांच्या नजरा हळूहळू खाली, खांबाशी उभ्या असलेल्या खऱ्या बाईवर आल्या. तेवढ्यात दरवाज्यातून हश्मीचा आवाज आला, "लल्ला दलेंदा, सापडला का लांबचा चष्मा?"

अंगणात हशा पिकला. काहींना कळलं म्हणून ते हसले, बाकीचे त्यांचं बघून.

शीराजचा चेहरा उतरला होता. जाळं विणणारी ती, तिला सांगावं लागलं नाही. "म्हणजे सकाळी..."

"सकाळी कुणी फारिग म्हणून ओरडलं असतं तर मी हलले असते, बिन्ती," दलेंदा म्हणाली. "पण तुला ओरडायची लाज वाटते."

"खाला, चोर येणार म्हणून कुणी घंटा वाजवत नाही."

"चोर? माझ्या विहिरीत बसून मलाच चोर म्हणतेस?"

"तुमची विहीर? मला तर सांगितलं..." शीराज थांबली आणि तिनं लस्सादकडे पाहिलं. या वेळी वेगळ्या नजरेनं.

लस्साद पुढे आला, दलेंदाला दंडाला धरून खांबामागे घेऊन गेला. ती जागेवरून हलताच भिंतीवर बाई परत उभी राहिली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. खेळच वाटला त्यांना.

"दुपारी आलो तेव्हाच पाहिली मी," तो हळू म्हणाला. "बघताक्षणी ओळखलं."

"मग पुसली का नाहीस? कळ तर दाबायची होती."

"पुसवली नाही."

"का?"

लस्साद भिंतीवरच्या बाईकडे बघत राहिला.

"विहिरीवर माझं नाव नाही, लस्साद."

"आपलीच विहीर आहे ती. आपल्या घरात कुणी पाटी लावतं का?"

"घरात तिसरं माणूस राहायला आलं की लावतात." तिनं दंड सोडवून घेतला. "हौद कुणाबरोबर?"

तेवढ्यात मादाम सौसननं त्याला हाक मारली. पत्रकार आले होते. "उद्या बोलू," तो म्हणाला आणि गेला. हाक आली म्हणून त्याला किती बरं वाटलं, हे दलेंदाला त्याच्या पाठीवरून कळलं.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर लस्साद तिच्या घराचे जिने चढून आला. हातात मक्रूद मिठाईचा खोका. मोख्तारनं दार उघडलं.

"या, सी लस्साद. मक्रूद कैरवानचे की कोपऱ्यावरचे?"

"कैरवानचे."

"म्हणजे काम मोठं आहे," मोख्तार म्हणाला आणि त्याला आत घेतलं.

दलेंदानं कॉफी ठेवली, वर संत्र्याच्या फुलांचं पाणी शिंपडलं. साखर घालायची की नाही हे तिनं विचारलं नाही. साखर घातली.

लस्साद एक घोट पिऊन म्हणाला, "मादाम सौसनला ती बाई हवीय. महोत्सव संपेपर्यंत रोज. पेपरात फोटोसुद्धा आलाय."

"मग दाखवा."

"गेली. रात्री मशीन बंद केलं, फोटो गेला. कुणी ठेवलाच नव्हता. शीराजला वाटलं मी ठेवला, मला वाटलं तिनं. आज सकाळी मशीन उठलं, त्यानं खरंच रिकामं अंगण पाहिलं."

मोख्तार मक्रूद चावत म्हणाला, "मग दुसरं कुणी उभं करा की."

"केलं. शीराज उभी राहिली. बसची वाट बघतेय असं वाटतं. मग हश्मी उभा राहिला, बायकोचं पांघरूण घेऊन."

"मग?"

"पोलिसात तक्रार द्यायला आल्यासारखा दिसतो."

मोख्तारला ठसका लागला. दलेंदा हसली नाही. "म्हणजे मी रोज सकाळी येऊन उभी राहायचं. बटण टाकायच्या आधी."

"पाच मिनिटांचं काम आहे."

"आणि हौद?"

लस्सादनं कप बशीत गोल फिरवला. दलेंदा त्या कपाकडे बघत राहिली. उत्तर तिथूनच येणार असल्यासारखी.

"शीराजबरोबर," तो म्हणाला.

मोख्तारनं हातातला मक्रूद खाली ठेवला.

"का ते तरी सांग."

"तुझ्या शेजारी बसलो की तार ओढायच्या आधी मला माहीत असतं काय होणार ते. आवाज कुठे पडणार, तू कुठे वळणार. आपली चूक होत नाही, दलेंदा. कालची बाई चुकून झाली. आपल्या हातून कधी झाली अशी चूक?"

"ती चूक शीराजनं नाही केली. चुकीत उभी मी होते."

"हो. पण तिच्या जाळ्यात."

तो खोटं बोलत असता तर बरं झालं असतं. खोट्याशी भांडता येतं.

"विहीर लागेल मला," लस्साद म्हणाला. "नाव लिहीन. वर, मोठ्या अक्षरात. पोरगी काल रात्रभर माझ्याशी भांडली त्यावरून."

तेवढं ऐकून दलेंदानं मान वर केली. ती पोर आपल्या बाजूनं भांडली याचं तिला बरं वाटलं आणि लगेच त्याचाही राग आला. रात्रभर भांडायला ती त्याच्याजवळ होती ना.

"ने," ती म्हणाली. "विहिरीला मी झाकण घालून ठेवलेलं नाही."

"आणि सकाळी येशील?"

"नाही."

"दलेंदा..."

"शीराजला उभी कर."

"अगं, सांगितलं ना. तिची मान तशी जात नाही."

"जाईल. घाई नको करूस," दलेंदा म्हणाली. "तुझ्याबरोबर काम करू दे तिला थोडी वर्षं. तिच्या तारा तुला पाठ होऊ देत. मग एक दिवस कुणी नवी पोर येईल, तुझे आवाज मोडून बघायला. तू तिच्यासाठी खुर्ची पुढे करशील. त्या दिवशी हिला खांबाशी उभी कर. काही शिकवावं लागणार नाही."

मोख्तार खोक्याचा दोरा बोटाभोवती गुंडाळत खिडकीबाहेर बघत होता.

"हौद उघडेल तेव्हा तरी येशील ना?" लस्साद शेवटी म्हणाला. "आपण किती वर्षं मागत होतो तो. तुझं पाणी त्यात कसं वाजतं ते ऐकायला तरी."

"येईन की. तिकीट काढून येईन. लोक येतात तशी."

लस्सादनं कप उचलला. कॉफी केव्हाच संपली होती, तरी त्यानं तो तोंडाला लावला.